घाणेरी, आइसक्रीम वेल आणि कंपनी: मुंबईच्या जंगलात घुसलेली बागेतली झाडं कशी ओळखायची आणि कशी काढायची

येऊर, आरे, कान्हेरीच्या आसपास फिरताना जे हिरवंगार दिसतं ते सगळंच जंगल असतं असं नाही. त्यातला बराचसा माल आपल्याच सोसायटीच्या कंपाउंडवरून उडी मारून तिकडे गेलेला आहे. शोभेसाठी लावलेली झाडं, वेली, जमिनीवर पसरणारी ती पिवळ्या फुलांची गादी, हे सगळं पक्ष्यांच्या पोटातून, नाल्याच्या पाण्यातून आणि सगळ्यात जास्त म्हणजे माळ्याने भिंतीपलीकडे फेकलेल्या कचऱ्यातून जंगलात पोचतं. तिथे त्याला खाणारं कोणी नाही, त्यामुळे कुडा, करवंद, कारवीची पोरं खाली अंधारात मरतात. ते कसं ओळखायचं आणि कसं काढायचं ते लिहितोय, पण आधीच सांगतो, काढणं सोपं आहे, ओळखणं आणि परत परत जाणं हे खरं काम आहे, आणि लोक नेमकं तिथेच कंटाळतात.

आधी परवानगीचं बघा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तुम्ही एक पानसुद्धा तोडू शकत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि "अहो पण मी तण काढत होतो" हे तिथे चालत नाही. येऊरची बाजू पण उद्यानातच येते. आरेतला बराच भाग आता वनखात्याकडे आहे. म्हणजे तिथे काम करायचं असेल तर रेंज ऑफिसला लेखी अर्ज, कुठला पट्टा, कुठली झाडं, किती माणसं, कोणती हत्यारं हे सगळं लिहून द्यायचं आणि शक्यतो बीटचा, म्हणजे त्या भागाचा, वनरक्षक सोबत असेल असा दिवस ठरवायचा. वनरक्षक सोबत असण्याचा फायदा फक्त कागदोपत्री नसतो, त्यांना बिबट्याची हालचाल कुठे आहे ते माहीत असतं.

सोसायटीची मागची टेकडी, कॉलेजचं आवार, पालिकेचं गार्डन असेल तर ज्याची जागा त्याचं पत्र. आणि झाड म्हणजे खोड असलेलं मोठं झाड, मग ते कितीही परदेशी का असेना, मुंबईत ते पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडायचं नाही. आपण रोपं, झुडपं आणि वेली यांच्यापुरतं बघायचं.

ओळख: इथे घाई करू नका

गूगल लेन्सवर विसंबून कोयता चालवू नका. लेन्स मदत करतं पण छोट्या रोपांच्या बाबतीत हमखास गंडतं. मी तर म्हणेन पहिल्या फेरीत हत्यार घरीच ठेवा, नुसते फोटो काढा: पान वरून, पान खालून, खोडावर पान कसं लागलंय ते, फूल, फळ. ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, तिथे जाणकार लोक सांगतात. आणि जवळ आदिवासी पाडा असेल तर तिथल्या मावशींना विचारा. पावसाळ्यात शेवळं नि कुलूची भाजी खुडणाऱ्या बाईला दोन पानांतला फरक जितका कळतो तितका कुठल्याच ॲपला कळत नाही.

घाणेरी, म्हणजे टणटणी, सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. फुलं असली की ओळखायला काही नाही, मध्ये पिवळी कडेला गुलाबी किंवा केशरी, आणि नंतर काळी चकचकीत फळं. मूळची अमेरिका खंडातली, 1800 नंतरच्या पहिल्या दशकात इंग्रजांनी कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली, तिथून देशभर. गोंधळ होतो तो फुलं नसताना, आणि तो होतो कारवीशी. दोघांची पानं समोरासमोर, दोन्ही खरखरीत, दोघांच्या कडा दातेरी. नवखा माणूस कारवीचं लहान रोप घाणेरी समजून उपटतो, आणि कारवी म्हणजे आठ वर्षांनी एकदा फुलणारं झाड, इथल्या डोंगरांवर 2016 ला फुललं, मग थेट 2024 ला. तेव्हा खोड दोन बोटांत धरून फिरवून बघा. घाणेरीचं कोवळं खोड चौकोनी लागतं आणि त्यावर खाली वळलेले बारीक काटे असतात जे बोटाला लागतातच. कारवी खरखरीत असली तरी काटा नाही. मग पान चुरगळा. घाणेरीचा तो उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, नाव उगीच नाही पडलं. काटे आणि वास दोन्ही जुळले तरच घाणेरी.

आइसक्रीम वेल: गुलाबी फुलांचे झुबके, मेक्सिकोतून आलेली, जुन्या बंगल्यांच्या गेटवर आणि रेल्वेच्या कुंपणावर सगळीकडे. दिसायला सुंदर आहे यात वाद नाही. पान बदामाच्या आकाराचं, त्यामुळे गुळवेलीशी गल्लत होते. गुळवेलीचं पान गुळगुळीत, खोडाची साल पातळ कागदासारखी सुटणारी, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबत असतात. आइसक्रीम वेलीचं पान सुरकुतलेलं, कडा लहरी, आणि फुलांच्या दांड्याच्या टोकाला पकडायला तणावे, म्हणजे वळणारे बारीक धागे, असतात. गुळवेलीला तणावे नसतात. कोविडनंतर लोकांनी गुळवेल इतकी ओरबाडली आहे की निदान आपल्या हातून तरी ती जाऊ नये.

वेडेलिया म्हणजे ती सोसायट्यांच्या उतारावर आणि हायवेच्या डिव्हायडरवर लावतात ती पिवळ्या डेझीची गादी. पान चकचकीत, तीन टोकांचं. जगातल्या सगळ्यात वाईट शंभर घुसखोर जातींची एक यादी आहे, त्यात घाणेरी, सुबाभूळ आणि ही वेडेलिया तिन्ही आहेत, आणि आपण ही अजूनही ट्रेच्या ट्रे विकत आणतो. प्रत्येक पेराला मुळं फुटतात त्यामुळे तुटलेला बोटभर तुकडा नाल्यातून वाहत गेला तरी पुरतो.

कॉसमॉस, केशरी रंगाचा. पावसाळ्याच्या शेवटी सगळे त्यात उभं राहून रील काढतात तोच. पानं बारीक चिरलेली, समोरासमोर. पाकळ्यांच्या टोकाला दाते. इथल्या रानातल्या सोनकीपासून वेगळा ओळखायला सोपं, सोनकी पिवळी, बुटकी आणि पान अख्खं, चिरलेलं नाही. बी काळं, सुईसारखं, कपड्याला चिकटतं, म्हणजे रील काढणारेच ते पुढच्या टेकडीवर नेऊन पेरतात.

सुबाभूळ आणि गिरीपुष्प, ज्याला उंदीरमारी पण म्हणतात, ही खरंतर बागेतून कमी आणि सरकारी वृक्षारोपणातून जास्त पसरली. सुबाभळीला काटे नाहीत, पांढरे गोल गोंडे आणि शेंगांचे घडच्या घड लटकतात. खैर असेल तर काटे असणारच, त्यामुळे तिथे प्रश्न नाही, पण शिरीष आणि किन्हईच्या रोपांशी चुकामूक होते. माझा साधा नियम: ज्या रोपाच्या डोक्यावर सुबाभळीचं मोठं झाड आहे आणि आजूबाजूला तसलीच शेकडो आहेत तीच काढायची, एकटं दुकटं असेल तर सोडून द्यायचं आणि पुढच्या वर्षी मोठं झाल्यावर बघायचं.

मनी प्लांट आणि सिंगोनियम कुंडीत बोटभर पानाची असतात, झाडावर चढली की पान परातीएवढं होतं आणि लोकांना वाटतं हे काहीतरी जंगलीच आहे. आरेच्या कडेकडेने जिथे जिथे बागेचा कचरा पडतो तिथे हे दिसेल.

केव्हा जायचं

मुंबईत सगळं पावसावर आहे. मे महिन्यात मुरूम इतका कडक असतो की रोप उपटलं की वरचा भाग हातात आणि मूळ खाली. जूनचा पाऊस पडून माती मुरली की जुलै ऑगस्ट हा उपटण्याचा सीझन, सुबाभळीचं सोटमूळसुद्धा अख्खं येतं. कॉसमॉस ऑगस्टमध्ये फूल यायच्या आधी, सप्टेंबरमध्ये कळ्या दिसल्या तरी चालेल, पण बी काळं पडायला लागलं की हात लावू नका, तुम्हीच पेरणी कराल. घाणेरीचे मोठे झाप, म्हणजे दाट झुडपांचे पुंजके, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर नोव्हेंबरात, जमीन ओली असते आणि वरून कोसळत नसतं. मनी प्लांट हिवाळ्यात, कारण पावसात तोडलेला वेल झाडावर हवेतल्या ओलाव्यावर बराच काळ तग धरतो.

ऑक्टोबरनंतर जाताना खाजकुयलीकडे लक्ष ठेवा. शेंगांवरची ती सोनेरी लव वाऱ्याने पण उडते आणि घाणेरीवर ती वेल हमखास चढलेली असते. ती इथलीच आहे, तिला काढायचं नाही, पण तिच्या खाली उभं पण राहायचं नाही.

सामान आणि जपणूक

जाड चामड्याचे हातमोजे, गमबूट, फुल बाह्यांचा शर्ट, एक लांब दांड्याची कुदळ किंवा पहार, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, खुरपं, दोन तीन गोण्या. कोयता एकाच माणसाकडे, ज्याला तो वापरता येतो त्याच्याकडे. हौशी ग्रुपमध्ये पाच जणांच्या हातात कोयते असले की तण कमी आणि टाके जास्त.

झापात हात घालायच्या आधी काठीने हलवा. घोणस खाली पाचोळ्यात असते, पण चापडा, तो हिरवा विषारी साप, बरोबर हाताच्या उंचीवर फांदीला गुंडाळून बसलेला असतो आणि घाणेरीच्या पानांत अजिबात दिसत नाही. साप चावला तर बांधाबांध, चिरे, मंत्र काही नको, माणसाला कमीत कमी हलवून सरळ हॉस्पिटल. पहाटे आणि संध्याकाळी काम नको, एकट्याने खाली बसून खुरपणं तर अजिबात नको, बिबट्याच्या भागात बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. आणि पावसाळ्यात हातापायाला काट्याने ओरखडे आलेले असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, मुंबईत दरवर्षी असतो. उतरावंच लागलं तर नंतर डॉक्टरला दाखवा, ताप यायची वाट बघू नका.

सुरुवात कुठून करायची

सगळ्यांची पहिली इच्छा असते जिथे सगळ्यात जास्त माजलंय तिथे तुटून पडायची. फोटो चांगला येतो म्हणून. पण तिथे खाली काहीच शिल्लक नसतं, तुम्ही जमीन उघडी केली की पुढच्या पावसात तीच घाणेरी दुप्पट येते. सिडनीमध्ये जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी 1960 च्या दशकात घराजवळच्या रानात उलट पद्धत बसवली: जिथे जंगल चांगलं आहे आणि तण थोडं आहे तिथून सुरू करायचं, माती कमीत कमी उकरायची आणि इथली झाडं जितक्या वेगाने परत येतील तितक्याच वेगाने पुढे सरकायचं. त्यांच्याकडे पण घाणेरीनेच वैताग आणलाय. आपल्याकडे हे तंतोतंत लागू होतं, फक्त आपली वाढ पावसामुळे भयानक जोरात असते त्यामुळे पट्टा अजून छोटा घ्यायचा. एका टू बीएचकेच्या कार्पेट एरियाएवढा पट्टा चार माणसांना भरपूर झाला. कारवी, कुडा, धायटी जिथे आहे आणि मध्ये मध्ये घाणेरी घुसतेय, ती जागा पहिली.

उतार असेल तर वरून खाली या, आणि एकाच वेळी सगळा उतार उघडा करू नका. जुलैत उघडा उतार म्हणजे माती थेट नाल्यात.

आता प्रत्यक्ष काढणं

घाणेरी नुसती कापून काही होत नाही, हे पहिलं डोक्यात ठेवा. कापली की बुडातून दहा फांद्या येतात. उकरून मुळासकट काढली तर माती मोकळी होते आणि त्यात पडलेलं बी सगळं उगवतं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रोफेसर सी. आर. बाबूंनी जी पद्धत बसवली ती या दोन्हीच्या मधली आहे आणि ती कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली गेली. एका माणसाने काठीने किंवा दोरीने फांद्या वर उचलून धरायच्या म्हणजे बुंधा दिसतो. दुसऱ्याने लांब दांड्याच्या कुदळीने जमिनीच्या खाली साधारण तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं, आजूबाजूची माती न उकरता. फुटवा येतो तो खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या भागातून, तो भाग वर निघून आला की खाली राहिलेलं मूळ जमिनीतच कुजतं. मग सगळं झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे फांद्या जमिनीला टेकून परत रुजत नाहीत. नेम बसायला थोडा वेळ लागतो, कुदळ तिरकी घातलीत तर बुंध्याचा अर्धा भाग खाली राहतो आणि तो फुटतोच. त्यामुळे तोडलेलं बूड उचलून बघा, खाली निमुळतं मूळ दिसलं पाहिजे. नुसता गोल कापलेला ओंडका दिसला तर परत खाली जा.

फळं असतील तर आधी ती फांदी सिकेटरने कापून गोणीत. आणि आसपास ज्या झाडावर बुलबुल बसतात त्याच्या खाली नक्की बघा, घाणेरीची पिल्लावळ तिथे असते.

एक गोष्ट मान्य करायला हवी, घाणेरीवर फुलपाखरं येतात, पक्षी आसरा घेतात. म्हणूनच पण तुकड्या तुकड्याने काढायची, एका वीकेंडला अख्खी टेकडी भादरायची नाही. झापात घरटं दिसलं तर तो झाप सोडा, पिल्लं उडाल्यावर या.

आइसक्रीम वेल वरून ओढली की समाधान मिळतं, फायदा शून्य. खाली कंद असतात. वेल जमिनीपाशी कापा, वरचा भाग झाडावरच सुकू द्या, ओढलात तर खालच्या झाडाच्या फांद्या मोडतात. मग खुरप्याने कंदाचा माग काढा, गाठी एकामागे एक निघत राहतात, भिंतीच्या किंवा दगडाच्या फटीत गेलेला कंद निघणार नाही, तिथे दर तीन चार आठवड्यांनी नवीन कोंब खुडत राहायचं म्हणजे कंदातली शिदोरी संपते. पूर्ण सीझन जातो, कधी दोन.

वेडेलिया गादीसारखी गुंडाळत आणायची. कडेपासून सुरू करा, बोटांनी पेरं उचलत, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा गोणीत. ग्रास कटर फिरवणारा माळी असेल तर त्याला आधी थांबवा, मशीनने हजार तुकडे होतात आणि तेवढी नवी रोपं.

कॉसमॉस सरळ हाताने उपटा, एका वर्षाचं झाड आहे, मूळ वरच असतं. सुबाभूळ आणि गिरीपुष्पाची गुडघ्याएवढी रोपं पावसात दोन्ही हातांनी बुडाशी धरून सरळ वर ओढा. मोठी झाडं आपलं काम नाही. मनी प्लांट छातीच्या उंचीवर आणि बुडाशी असा दोन ठिकाणी कापा, मधला तुकडा सोलून काढा, खालची मुळं उकरून घ्या, वरचं सुकत राहील. झाडाच्या सालीला जखम होऊ देऊ नका.

तणनाशक फवारणीचं कोणीतरी विचारणारच. नको. ग्लायफोसेट हे तणनाशक 2022 पासून केंद्राने पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरतंच ठेवलंय, कोणीही आणून मारायची गोष्ट नाही ती. शिवाय उद्यानातलं बरंच पाणी विहार आणि तुळशी तलावांत जातं, तेच मुंबईच्या नळाला येतं.

काढलेल्याचं काय करायचं

इथे बहुतेक मोहिमा फसतात. पावसात मुंबईत काही सुकतच नाही, ढीग करून ठेवलात तर ढीगच रुजतो. घाणेरी उलटी करून ठेवली तर चालतं, कॉसमॉस आणि सुबाभळीची बिनबियाची रोपं दगडावर, मुळं वर करून. पण वेडेलियाचे तुकडे, आइसक्रीम वेलीचे कंद, मनी प्लांट आणि कुठलंही बी हे जागेवर सोडायचं नाही. जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि गच्चीवर ठेवून द्या, ऑक्टोबर हीटमध्ये आत शिजून त्याचा काळा लगदा होतो. पिशवी उघडून एखादा कंद नखाने दाबून बघा, आत पांढरा टणक असेल तर अजून ठेवा. लगदा झालेला मग कंपोस्टमध्ये गेला तरी चालतो. जाळायचं नाही, शहरात उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि जंगलाच्या कडेला तर विषयच सोडा.

नंतर

पहिली फेरी झाली की लगेच रोपं लावायची घाई होते, विशेषतः बॅनर आणि पाहुणे असतील तर. थांबा. एक पावसाळा जाऊ द्या आणि काय उगवतं ते बघा. जमिनीत कुडा, करवंद, पळस, कारवी असतंच बऱ्याचदा, त्यांना फक्त ऊन हवं असतं. दुसऱ्या जुलैत त्याच पट्ट्यात घाणेरीची बोटभर रोपं दाट येतील, घाबरू नका, ती दोन बोटांनी निघतात, आणि तिसऱ्या वर्षी बरीच कमी होतात. ती दुसऱ्या वर्षीची फेरी चुकली तर मात्र पहिल्या वर्षीची मेहनत गेली. म्हणून नवीन पट्टा घ्यायच्या आधी जुना झाला का ते विचारा. दर फेरीला त्याच दगडावरून, त्याच दिशेने एक फोटो काढत जा, नाहीतर काम होतंय की नाही ते कळत नाही.

आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. वेडेलियाच्या जागी कोरांटी किंवा अबोली, गेटवर आइसक्रीम वेलीऐवजी कुसर, कुंपणाला अडुळसा नाहीतर निरगुडी. बुटकी रंगीत घाणेरी नर्सरीत मिळते, "साहेब ही पसरत नाही" असं सांगून देतात, घेऊ नका, फळ धरलं की बुलबुलाला ती बुटकी आहे का उंच आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. माळीकाकांशी मात्र नीट बोला, त्यांना छाटलेलं टाकायला आवारात एक पिंप किंवा खड्डा करून द्या. भिंतीपलीकडे टाकतात कारण दुसरी जागाच दिलेली नसते.